बोधचिन्ह बदलले की लोक का बिथरतात?

संस्थेचे बोधचिन्ह कायद्याने तिच्याच मालकीचे असते. त्याची नोंदणी झालेली असते, वापराचे नियम ठरलेले असतात आणि ते बदलायला सहसा बाहेरच्या कुणाची परवानगी लागत नाही. तरीही, बहुधा लोकांच्या विरोधामुळे, नवे चिन्ह मागे घ्यावे लागल्याची उदाहरणे विमान कंपन्यांपासून फुटबॉल क्लबांपर्यंत आणि कपड्यांच्या दुकानांपासून नौदलापर्यंत सगळीकडे सापडतात. कागदोपत्री मालक एक आणि मनाने मालक असलेले हजारो, अशी ही अवस्था आहे. विरोध करणारे बहुतेक वेळा ‘नवे चिन्ह कुरूप आहे’ एवढेच म्हणतात. एकेक प्रकरण तपासले, तर मात्र सौंदर्याचा मुद्दा सहसा दुय्यम ठरतो. ओळख हरवली का, आणि ती हरवण्याचा अधिकार कुणी कुणाला दिला, हे दोन प्रश्न त्यामागे असतात.

‘गॅप’ या अमेरिकी वस्त्र कंपनीचे प्रकरण या विषयात नेहमी आधी सांगितले जाते, कारण ते फार लवकर आटोपले. गडद निळ्या चौकोनात उंच, सडपातळ पांढरी अक्षरे हे तिचे चिन्ह वीस वर्षांहून अधिक काळ वापरात होते. ऑक्टोबर २०१० च्या पहिल्या आठवड्यात कंपनीच्या संकेतस्थळावर कसलीही पूर्वसूचना न देता नवे चिन्ह झळकले. हेल्व्हेटिका वळणाची काळी अक्षरे आणि शेवटच्या अक्षरामागे डोकावणारा छोटा निळा चौकोन, एवढाच तो बदल होता. टीका सुरू झाली, विडंबने निघाली, नव्या चिन्हाच्या नावाने कुणीतरी ट्विटरवर खातेही उघडले. गडबडलेल्या कंपनीने ‘तुम्हीच चांगली चित्रे पाठवा’ असे आवाहन केले. त्यावर व्यावसायिक चित्रकार भडकले, कारण त्यांना हे फुकट काम करून घेणे वाटले. आठवडाभरात कंपनीने माघार घेतली आणि जुना निळा चौकोन परत आला. नवे चिन्ह सुमार होते हे खरे, पण त्याच वळणाची अक्षरे असंख्य कंपन्या बिनतक्रार वापरत आल्या आहेत. चिन्ह का बदलले, हे कंपनीला धड सांगता आले नाही, ही खरी उणीव होती. दुकाने तीच, कपडे तेच, मग पाटी का वेगळी?

गॅपचे नुकसान नाचक्कीपुरते राहिले. ‘ट्रॉपिकाना’चे नुकसान मात्र रुपयाआण्यांत, म्हणजे डॉलरमध्ये, मोजता आले. तेव्हा पेप्सिको कंपनीच्या मालकीचा असलेला हा संत्र्याचा रस अमेरिकेतल्या घराघरांत जात असे. त्याच्या खोक्यावर एक अख्खे संत्रे आणि त्यात खोचलेली नळी असे चित्र असे. रस थेट फळातून येतो, हे सांगायला त्याखाली शब्दांची गरज नव्हती. जानेवारी २००९ मध्ये पीटर आर्नेल यांच्या संस्थेने केलेली नवी खोकी बाजारात आली. संत्रे गेले आणि त्याच्या जागी रसाने भरलेला काचेचा पेला आला. आडवे नाव उभे झाले, अक्षरे बारीक झाली. जाहिरातीसाठी साडेतीन कोटी डॉलरची मोहीम आखलेली होती. १ जानेवारी ते २२ फेब्रुवारी या काळात विक्री सुमारे वीस टक्क्यांनी घसरली आणि फेब्रुवारी संपण्याआधीच जुने खोके परत आणण्याचा निर्णय जाहीर झाला.

या घसरणीमागे दोन वेगळी कारणे होती. काही ग्राहकांनी पत्रे लिहून, फोन करून राग व्यक्त केला. त्यांची संख्या फार मोठी नव्हती, पण ते नेहमीचे, निष्ठावान ग्राहक होते, आणि त्यांच्या जिव्हाळ्याचा आपल्याला अंदाज आला नाही, असे कंपनीने नंतर मान्य केले. दुसरे कारण अगदी साधे होते. दुकानातल्या शीतकपाटासमोर माणूस उभा राहतो तो वाचायला नव्हे. तो रंग आणि आकार ओळखून हात पुढे करतो. नव्या खोक्यांवर पेला होता, पण पेला कुणाच्याही रसाचा असू शकतो. त्यामुळे ते दुकानाच्या स्वतःच्या स्वस्त मालासारखे दिसू लागले आणि अनेकांना ट्रॉपिकाना समोर असूनही सापडेना. संतापलेला ग्राहक निदान तक्रार करतो, पण ज्याला वस्तू सापडत नाही तो शेजारचे खोके उचलून घरी जातो. चिन्हांच्या चर्चेत हा मुका ग्राहक सहसा विसरला जातो, आणि खरे नुकसान करतो तो हाच.

मानसशास्त्राने या रागाची काही मुळे शोधली आहेत. रॉबर्ट झायोंक यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना निरर्थक शब्द, चिनी लिपीसारखी अक्षरे आणि अनोळखी चेहऱ्यांची छायाचित्रे कमी-अधिक वेळा दाखवली होती. जे जास्त वेळा दिसले, ते लोकांना जास्त आवडले. म्हणजे केवळ पुनःपुन्हा नजरेस पडण्यानेही आवड तयार होते. जुन्या चिन्हाकडे अशी वर्षानुवर्षांची पुंजी असते, नव्याकडे पहिल्या दिवशी काहीच नसते. ही स्पर्धा मुळातच विषम आहे. त्यात डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेला विचार जोडता येतो: तेवढ्याच मोलाच्या लाभाने होणाऱ्या आनंदापेक्षा गमावण्याचे दुःख माणसाला अधिक तीव्र वाटते. नव्या चिन्हात काय मिळाले हे कळायला वेळ लागतो, काय गेले हे मात्र त्याच क्षणी दिसते.

वॉल्श, विंटरिच आणि मित्तल या तीन अभ्यासकांनी २०१० मध्ये याच विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. खेळाच्या बुटांच्या दोन परिचित कंपन्यांची चिन्हे त्यांनी गोलसर करून दाखवली. ज्यांना त्या कंपनीबद्दल विशेष आपुलकी होती, त्यांचे मत बदलामुळे बिघडले, आणि ज्यांना फारसे सोयरसुतक नव्हते त्यांनी तोच बदल सहज स्वीकारला. कंपन्यांच्या दृष्टीने ही मोठी अडचण आहे. चिन्ह बदलण्याचा हेतू बहुधा नवे ग्राहक मिळवण्याचा असतो आणि त्याची झळ पोचते ती सर्वांत जुन्या, सर्वांत विश्वासू माणसांना.

देशाचे नाव मिरवणाऱ्या संस्थांच्या बाबतीत ही आपुलकी अभिमानाला भिडते. ब्रिटिश एअरवेजने जून १९९७ मध्ये सहा कोटी पौंड खर्चाची योजना जाहीर केली. विमानांच्या शेपटीवरचा ब्रिटिश ध्वजाचा भाग काढून तिथे जगभरच्या कलाकारांची चित्रे रंगवायची होती. त्यात दक्षिण आफ्रिकेतल्या न्डेबेले स्त्रियांची भित्तिचित्रे होती, स्कॉटलंडचे चौकड्याचे कापड होते, आणि भारताच्या वाट्याला आलेल्या नक्षीचे नाव होते ‘पैठणी’. कंपनीचे प्रमुख रॉबर्ट आयलिंग यांचा युक्तिवाद चुकीचा नव्हता, कारण बहुसंख्य प्रवासी ब्रिटनबाहेरचे होते. परंतु त्याच वर्षी हुजूर पक्षाच्या अधिवेशनात माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी नव्या रंगातल्या एका विमानाच्या प्रतिकृतीची शेपटी हातरुमालाने झाकली आणि ते दृश्य वर्तमानपत्रांतून सर्वत्र गेले. प्रतिस्पर्धी व्हर्जिन अटलांटिकने लगोलग आपल्या विमानांवर ब्रिटिश ध्वज रंगवून घेतला. धावपट्टीकडे जाणारी विमाने आता चटकन ओळखू येत नाहीत, अशी काही हवाई नियंत्रकांचीही कुरकुर होती. १९९९ मध्ये निम्म्या ताफ्यापुरती आणि २००१ मध्ये पूर्ण माघार झाली. आज ब्रिटिश एअरवेजच्या शेपटीवर फडकता ध्वज दिसतो, तो मुळात कॉंकॉर्ड विमानांसाठी आखलेला होता. पैठणीची शेपटी आकाशातून गेली याचे महाराष्ट्रात कुणाला दुःख झाल्याची नोंद नाही.

खेळात तर चिन्ह अंगावर गोंदवून घेणारी माणसे असतात. एव्हर्टन या इंग्लिश फुटबॉल क्लबने २०१३ मध्ये आपल्या चिन्हातले लॅटिन ब्रीदवाक्य गाळले, तेव्हा बावीस हजारांहून अधिक सह्यांचे निवेदन आले. क्लबने माफी मागितली आणि पुढच्या हंगामासाठी चाहत्यांच्या मतदानाने नवे चिन्ह निवडले. त्यात ब्रीदवाक्य परतले. जानेवारी २०१८ मध्ये लीड्स युनायटेडने शताब्दीसाठी छातीवर मूठ ठेवलेल्या माणसाचे चित्र जाहीर केले. सहा महिने संशोधन करून दहा हजार लोकांशी बोलून ते ठरवले, असे क्लबचे म्हणणे होते. दिवसभरात विरोधी निवेदनावर पन्नास हजार सह्या जमल्या आणि योजना बारगळली. लोकांना विचारले होते, पण ते बहुधा ‘क्लब म्हणजे तुमच्यासाठी काय’ या पद्धतीने. हेच चित्र छातीवर चालेल का, हा नेमका प्रश्न विचारला असता, तर उत्तर आधीच मिळाले असते.

लंडन ऑलिंपिकची कथा उलट दिशेने गेली. २०१२ च्या स्पर्धेचे चिन्ह ४ जून २००७ रोजी जाहीर झाले. वुल्फ ऑलिन्स या संस्थेने २०१२ हा आकडा मोडक्या, टोकदार तुकड्यांत मांडून त्याला भडक गुलाबी, पिवळे रंग दिले होते. खर्च चार लाख पौंड. पहिल्याच आठवड्यात अठ्ठेचाळीस हजारांवर लोकांनी ते बदलण्याच्या मागणीवर सह्या केल्या. प्रसिद्धीसाठी केलेल्या चित्रफितीतल्या लुकलुकत्या भागामुळे अपस्माराच्या काही रुग्णांना त्रास झाला आणि तो भाग काढून टाकावा लागला. २०११ मध्ये तर इराणने त्या आकड्यात ‘झायन’ हा शब्द दिसतो, अशी तक्रार करत बहिष्काराची भाषा केली. चार लाख पौंडांवरही बरीच आगपाखड झाली. वास्तविक ती रक्कम एका चित्राची नसते. तिकिटापासून स्टेडियमच्या कमानीपर्यंत सर्वत्र चालेल अशी पूर्ण दृश्यव्यवस्था त्यात येते. पण जाहीर होते ते चित्र आणि ती रक्कम, बाकीचे कुणाला दिसत नाही. आयोजक बधले नाहीत. पाच वर्षांनी स्पर्धा झाल्या, ते रंग शहरभर लागले, आणि विरोध विरून गेला.

लंडन टिकले आणि गॅप का टिकले नाही? लंडनच्या आयोजकांचा करारीपणा हे एक कारण. दुसरे असे की ऑलिंपिकच्या या स्पर्धेला परत जाण्यासारखे सर्वमान्य जुने चिन्ह नव्हते. यजमानपदाच्या अर्जासाठी केलेले चित्र तात्पुरतेच होते. ‘जुनेच आणा’ ही मागणी संघटित करायला सोपी असते. ‘हे नको, दुसरे काहीतरी आणा’ या मागणीला धार येत नाही, कारण दुसरे काय यावर दोघांचे एकमत नसते. २०११ मध्ये स्टारबक्सने आपल्या हिरव्या वर्तुळातले नाव काढून फक्त जलपरी ठेवली, तेव्हाही नाराजी उमटली होती, पण ओळख पटवणारा चेहरा आणि रंग जागेवर होता. ती नाराजी ओसरली.

भारतात या वादांना बहुधा राजकीय रंग चढतो. ११ जुलै २०२२ रोजी नव्या संसद भवनावरच्या कांस्य राजमुद्रेचे अनावरण झाले. साडेसहा मीटर उंचीच्या आणि साडेनऊ हजार किलो वजनाच्या या शिल्पातले सिंह सारनाथच्या सिंहांपेक्षा उग्र दिसतात, असा आक्षेप विरोधी पक्षांनी घेतला. मूळ शिल्प छोटे आहे आणि ते समोरून पाहिले जाते, हे खालून पाहावे लागते, हा फरक कोनाचा आणि आकाराचा आहे, असे सरकारचे उत्तर होते. शिल्पकारांपैकी सुनील देवरे हे औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये याचिका फेटाळली गेली. शिल्प कसे भासते हे पाहणाऱ्याच्या मनावर अवलंबून आहे, असा न्यायालयाचा अभिप्राय होता. एप्रिल २०२४ मध्ये लोकसभेच्या मतदानाला तीन दिवस उरले असताना ‘डीडी न्यूज’ने आपले लाल चिन्ह भगव्या छटेत आणले, तेव्हा प्रसार भारतीचेच माजी प्रमुख जवाहर सरकार यांनी जाहीर टीका केली. रंग केशरी आहे आणि बदल दृश्य आकर्षकतेसाठी आहे, असा खुलासा झाला. वाद झाला तो छटेपेक्षा मुहूर्तावर.

मुंबईशी निगडित दोन प्रकरणे याहून वेगळी आहेत. डिसेंबर २०२० मध्ये ‘मिंत्रा’ या कपड्यांच्या विक्रेत्या कंपनीचे चिन्ह स्त्रियांचा अवमान करणारे आहे, अशी तक्रार मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाकडे आली. पुढच्याच महिन्यात कंपनीने चिन्हाच्या रंगसंगतीत फेरफार केला. इथे विरोध बदलाला नव्हता, बदल न करण्याला होता. वर्षानुवर्षे त्या चिन्हात कुणाला काही वावगे दिसले नव्हते, पण एकदा कुणी बोट दाखवल्यावर ते न दिसणे अशक्य झाले. दुसरे प्रकरण एअर इंडियाचे. झुकून स्वागत करणारा महाराजा १९४६ मध्ये मुंबईत कंपनीचे अधिकारी बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी जन्माला घातला. ऑगस्ट २०२३ मध्ये कंपनीने सोनेरी खिडकीच्या चौकटीवर आधारलेले नवे चिन्ह आणले. महाराजाला निरोप दिलेला नाही, असे कंपनीने आवर्जून सांगितले, तरी विमानाच्या दर्शनी भागावरून त्याचे महत्त्व ओसरले आहे. हळहळ बरीच झाली, चळवळ झाली नाही. ज्यांच्या आठवणीत महाराजा होता, त्यांच्या आठवणीत विलंबाने सुटणारी विमानेही होती.

चिन्ह बदलून फसल्याचे भारतातले सर्वांत बोलके उदाहरण मात्र नौदलाचे आहे, आणि ते फारसे सांगितले जात नाही. स्वातंत्र्यानंतरही नौदलाच्या पांढऱ्या ध्वजावर सेंट जॉर्जचा लाल क्रॉस कायम होता. १५ ऑगस्ट २००१ पासून तो काढून त्या जागी नौदलाचे निळे मानचिन्ह घेण्यात आले. वसाहतीची खूण पुसण्याच्या हेतूबद्दल वाद नव्हता. पण समुद्रावर ध्वज लांबून ओळखू आला पाहिजे, आणि निळे चिन्ह निळ्या आकाशाच्या आणि पाण्याच्या पार्श्वभूमीवर हरवून जाऊ लागले. २००४ मध्ये लाल क्रॉस परत आला, मध्यभागी राजमुद्रेसह. तो पुन्हा हटला २ सप्टेंबर २०२२ रोजी, कोचीला ‘विक्रांत’ युद्धनौका नौदलात दाखल झाली त्या दिवशी. या खेपेस गडद निळ्या अष्टकोनाला दुहेरी सोनेरी किनार दिली गेली आणि तिची प्रेरणा छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेतून घेतल्याचे जाहीर झाले. अष्टकोनाच्या आठ बाजू आठ दिशांच्या निदर्शक आहेत. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये सिंधुदुर्गातल्या नौदल दिनाच्या कार्यक्रमात अधिकाऱ्यांच्या खांद्यावरच्या पदचिन्हांतही हाच वारसा आणण्याची घोषणा झाली. २००१ चा बदल आणि २०२२ चा बदल यांचा उद्देश एकच होता. पहिल्यात फक्त काय काढायचे ते ठरले होते. दुसऱ्याने काढलेल्या खुणेच्या जागी तितक्याच वजनाची, लोकांना आपली वाटणारी खूण ठेवली.

चिन्ह बदलण्याचा अधिकार कुणाचा, हा प्रश्न शिक्षणसंस्थांतही उभा राहतो. अहमदाबादच्या आयआयएमच्या चिन्हात सिदी सय्यद मशिदीची जाळी आणि संस्कृत ब्रीदवाक्य आहे. २०२२ मध्ये ते बदलण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा ४५ प्राध्यापकांनी नियामक मंडळाला पत्र लिहिले. त्यांचा मुख्य आक्षेप आपल्याला विचारले नाही हाच होता. अखेरीस जे चिन्ह आले, त्यात जाळीची खूण राहिली आणि ब्रीदवाक्यही.

विरोध किती खोल आहे, हे पहिल्या आठवड्यात कुणालाही कळत नाही, आणि काही वेळा तर ते कळायला पंचेचाळीस वर्षे लागतात. अमेरिकेच्या नासा संस्थेचे १९५९ चे चिन्ह जेम्स मोडारेली यांचे: निळे वर्तुळ, तारे, लाल पंख आणि कक्षा. कर्मचारी त्याला लाडाने ‘मीटबॉल’ म्हणत. १९७५ मध्ये डॅन आणि ब्लॅकबर्न यांच्या संस्थेने त्याऐवजी फक्त चार लाल, एकसलग रेषेची अक्षरे दिली. त्यांतल्या ‘ए’ अक्षरांना आडवी दांडी नव्हती, आणि ती नसल्याने काहीतरी अपुरे वाटते, अशी शंका खुद्द नासाच्या तेव्हाच्या प्रमुखांनी काढली होती. या चिन्हाला ‘वर्म’, म्हणजे अळी, असे नाव पडले. चित्रकारांच्या जगात त्याची वाहवा झाली, पण मुख्यालयाने परस्पर लादलेले म्हणून संशोधन केंद्रांतल्या जुन्या मंडळींना ते कधीच रुचले नाही. १९९२ मध्ये नवे प्रमुख डॅनियल गोल्डिन यांनी मरगळलेल्या संस्थेत चांद्रमोहिमांच्या दिवसांची उमेद आणण्यासाठी वर्म हटवून मीटबॉल परत आणला. त्यानंतर उलटेच घडले. वर्म बघत लहानाची मोठी झालेली पिढी त्याच्यासाठी हळहळू लागली. २०१५ मध्ये वर्मच्या वापराचे नियम सांगणारी जुनी पुस्तिका पुन्हा छापण्याची योजना निघाली, तेव्हा हजारो लोकांनी आगाऊ पैसे भरले. ३० मे २०२० रोजी अंतराळवीरांना घेऊन फाल्कन ९ अग्निबाण उडाला, तेव्हा त्याच्या अंगावर ती लाल अक्षरे पुन्हा होती. मीटबॉल आजही नासाचे मुख्य चिन्ह आहे, आणि एकेकाळी नकोसा झालेला वर्म त्याच्या जोडीने अधिकृत वापरात आहे.